गोठ्यातलं शास्त्र : थंडीने उमटणारा आकडा

वसई पूर्वेला महामार्गाच्या आसपास म्हशींचे जे तबेले आहेत, तिथे आटलेली म्हैस हा कायमचा पेच असतो. भाकड जनावराला विकतचा चारा घालत बसणं परवडत नाही. मग काही मालक तिला आतल्या एखाद्या गावात ओळखीच्या शेतकऱ्याकडे सांभाळायला धाडतात. विण्याची वेळ जवळ आली की परत आणतात. मधे कित्येक महिने गेलेले असतात. काळीभोर, आखूड वळलेल्या शिंगांची एक मुऱ्हा दुसऱ्या मुऱ्हापासून ओळखायची कशी? घरच्या चार म्हशी घरच्या बाईला चालीवरूनही कळतात. पन्नास म्हशींच्या तबेल्यात धार काढणारी माणसंच बदलत राहतात, तिथे ही ओळख मुरायला वेळच मिळत नाही.

एक ओळख म्हणजे कानातला पिवळा बिल्ला. त्यावरचा बारा आकडी क्रमांक म्हणजे जनावराची सरकारदरबारी ओळख. लाळ्या-खुरकुताची लस, कृत्रिम रेतन, सगळी नोंद त्या क्रमांकावर चढते. १ जून २०२४ पासून तर महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. हा निर्णय मला योग्य वाटतो. पण बिल्ला वाचायला कानाशी जावं लागतं, वर चिखल असेल तर पुसावं लागतं. झुडपात अडकून कान फाटला की बिल्ला गळतो. आणि जनावर चोरीला गेलं, तर तो कापून टाकायला क्षणभर पुरतो. लांबून दिसेल आणि अंगावेगळी होणार नाही, अशी खूण हवी असेल तर ती कातडीवरच उमटवावी लागते.

कातडीवरची खूण म्हटलं की तापलेलं लोखंड डोळ्यांसमोर येतं. घोडे बदलून सरकारला फसवू नये म्हणून अलाउद्दीन खिलजीने लष्करातल्या घोड्यांना डाग द्यायची पद्धत घातली, अकबराने ती पुन्हा कडक केली. आपल्याकडे तर दुखऱ्या बैलालाही औषध म्हणून डागत. तापल्या लोखंडाने कातडी जळते, जखम होते, आणि कोकणच्या पावसाळ्यात माश्या बसून तिच्यात किडे पडतात. हे आता थांबायलाच हवं.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात डॉ. कीथ फॅरेल या पशुवैद्यकाने उलटी वाट धरली. उष्णतेऐवजी थंडी. यालाच फ्रीझ ब्रँडिंग म्हणतात. तिकडच्या सरकारी रानातल्या मोकळ्या घोड्यांच्या मानेवर आजही याच पद्धतीने खूण करतात.

यामागचं शास्त्र फार सुंदर आहे. केसाला काळा रंग देणाऱ्या पेशी केसाच्या मुळाशी असतात आणि थंडीपुढे त्या अगदी नाजूक असतात. उणे ४ ते उणे ७ अंशांच्या आसपासच त्या मरू लागतात. त्वचेच्या बाकीच्या पेशी याहून बरीच जास्त थंडी सोसतात. म्हणजे नेमका तेवढाच गारठा नेमका तेवढाच वेळ दिला, तर केस उगवत राहतो, त्याचा रंग तेवढा जातो. काळ्या अंगावर पांढरा आकडा उगवतो आणि जन्मभर राहतो.

कृती अशी. जनावर खोड्यात नीट अडकवायचं. पुठ्ठ्यावरचे केस मशीनने अगदी बारीक कापायचे, जागा घासून साफ करायची आणि स्पिरिटने चिंब ओली करायची, म्हणजे थंडी आत नीट उतरते. तांब्या-पितळेचे जाड आकडे द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवायचे. नायट्रोजनचं तापमान उणे १९६ अंश. धातू बुडताच तो खळखळून उकळतो; उकळी थांबली की आकडा तयार झाला समजायचं. मग तो ओल्या जागी घट्ट, न हलवता दाबून धरायचा. मोठ्या जनावराला साधारण वीस ते तीस सेकंद, वासराला त्याहून पुष्कळ कमी. सगळं कसब या सेकंदांत आहे. कमी पडले तर खूण पुसट, जास्त झाले तर केसाचं मूळच मरतं आणि जागा टकली राहते. उचलल्यावर आकड्याचा खळगा दिसतो, थोड्या वेळाने सूज येते, पुढे खपली धरून गळते. पांढरे केस दिसायला दोन-तीन महिने लागतात. वेदना होतेच, पण जळण्यापेक्षा कमी, आणि उघडी जखम राहत नाही.

पांढऱ्या गाईचं काय? तिथे मुद्दाम जास्त वेळ धरून केसच मारतात, टकला आकडा उरतो. जव्हार-मोखाड्याकडच्या डांगी गुरांच्या पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे चट्टे असतात; त्यांच्यासाठी गडद चट्टा निवडणं बरं. म्हैस काळी असल्याने काम सोपं वाटेल, पण वय वाढेल तसे तिचे केस विरळ होतात आणि ती चिखलात लोळते. म्हणून आकडा मोठा हवा आणि पाहण्याआधी अंग धुतलेलं हवं.

द्रव नायट्रोजन आपल्याला परका नाही. रेतमात्रा त्यातच ठेवतात, आणि त्याची भांडी इंडियन ऑइल नाशिकला बनवतं. मात्र एक लिटर द्रवाचा जवळजवळ सातशे लिटर वायू होतो. बंद खोलीत तो प्राणवायू हटवून माणसाचा जीव घेऊ शकतो, आणि झाकण घट्ट लावलं तर भांडं फुटतं. त्यामुळे हे काम उघड्यावर, हातमोजे घालून आणि पशुवैद्यकाच्या हातूनच व्हावं. शिवाय १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा डागणीला सूट देतो ती ठरवून दिलेल्या पद्धतीपुरतीच.

दारात दोन-चार जनावरं असतील तर माझ्या मते बिल्ला पुरे. एवढ्यासाठी त्यांना खोड्यात घालू नये. तबेलेवाल्यांनी मात्र, विशेषतः म्हशी बाहेर सांभाळायला देणाऱ्यांनी, चार-पाच जणांत मिळून डॉक्टरांना बोलावून हिवाळ्यात हे करून घ्यावं. आणि पुठ्ठ्यावरचा आकडा त्याच दिवशी वहीत बिल्ल्याच्या बारा आकड्यांसमोर लिहावा. बिल्ला गळाला तर जुन्या नोंदींपर्यंत पोचायला तीच ओळ उपयोगी पडेल.