टाकसाळीची चूक की नंतरची जखम?

देव्हाऱ्यात किंवा जुन्या पेटीत एखादे वेडेवाकडे नाणे सापडले की दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, ‘खोटे आहे, मोडीत घाला.’ दुसरा म्हणतो, ‘दुर्मीळ आहे, लाखांत जाईल.’ बहुतेक वेळा दोघेही चुकतात. नाण्यावरची खूण केव्हा उमटली, हा खरा प्रश्न आहे. ठसा कोरताना, चकती कापताना, घाव पडताना, की नाणे बाजारात गेल्यावर?

शिवराईपासून सुरुवात करू. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असा मजकूर असलेले हे तांब्याचे नाणे शिवकाळात सुरू झाले आणि एकोणिसाव्या शतकातही पाडले जात होते. खालच्या ठशावर चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घाव घालायचा, ही हातकामाची पद्धत. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे सगळा मजकूर एका नाण्यावर क्वचितच उतरतो. अर्धे अक्षर, फाटलेली कड, मध्य सोडून बसलेली छाप या गोष्टी इथे दोष मानायच्या नाहीत. ‘सिव’, ‘पती’ अशी रूपे ठशातच कोरलेली असतात. तीही घाव घालणाऱ्याची चूक नव्हे.

उलट हीच अर्धी नाणी अभ्यासाला मोलाची आहेत. एकाच ठशाची, पण मजकुराचा वेगवेगळा भाग दाखवणारी नाणी शेजारी ठेवली की मूळ ठसा पूर्ण जुळवता येतो. अशी शिवराई मोडीत गेली की त्या ठशाचा एक तुकडा कायमचा हरवतो.

हातकामातही खऱ्या चुका होत. चकती घावांच्या मध्ये सरकली तर अक्षरे दुहेरी दिसतात. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले आणि खाली नवी चकती आली, तर तिच्यावर एका बाजूला नेहमीची छाप उमटते आणि दुसऱ्या बाजूला तीच छाप उलटी व खोलगट येते.

आता एक उपयोगी नियम. ठशातले कोरीव काम खोल असते, म्हणून नाण्यावर ते उठून दिसते. ठशाला तडा गेला तर त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ येते. नाण्यावरचा ओरखडा मात्र खोल असतो. पुण्याच्या अंकुशी रुपयावरचा अंकुश ठशातलाच, म्हणून उठावदार. जुन्या रुपयांवर दिसणारे बारीक, खोल टोचे मात्र सराफांचे. चांदी आतपर्यंत खरी आहे की वरवरचा मुलामा, हे पाहण्यासाठी ते मारले जात. अशा टोच्यांनी संग्राहकाची किंमत कमी होते, पण ते नाणे किती जणांनी पारखले याची ती नोंद असते.

यंत्राच्या नाण्यांना वेगळी कसोटी लावावी लागते. तिथे चकती कड्यात बसवून दाबली जाते, त्यामुळे सरकलेली छाप खरोखरच अपवाद ठरते. चंद्रकोरीसारखा तुकडा कमी असलेले नाणे अस्सल असेल, तर तुकड्याच्या बरोबर समोरची कड बहुधा अस्पष्ट उमटलेली असते. कानस लावून काढलेल्या तुकड्यात हे दिसत नाही. तिथे कानशीच्या रेघा आणि सरळ कापली गेलेली अक्षरे दिसतात. दोन नाणी शिकंजात दाबून ‘उलटी छाप’ तयार करणारेही आहेत. त्यात दाबाखालची मूळ छाप चेपलेली दिसते आणि पाठीमागची अक्षरेही सपाट होतात. खऱ्या चुकीत पाठीमागची छाप नेहमीसारखी असते.

वजनही बोलते. 1835 च्या कंपनीच्या चांदीच्या रुपयाचे ठरलेले वजन 11.66 ग्रॅम. झिजेने थोडी घट होतेच. पण धातू कुठे गेला हे दिसत नसताना वजन बरेच कमी भरले, तर ओतीव नकलेचा संशय घ्यावा. भिंग, छोटा काटा आणि बाजूने पडणारा तिरपा प्रकाश एवढी साधने पुरतात.

एक विनंती. दिवाळीच्या सफाईत देवातली नाणी चिंचेने घासू नका. वर सांगितलेल्यांपैकी बारीक खुणा घासण्याने पुसट होऊ शकतात. लखलखीत नाणे देवापुढे शोभते, पण ते मुके झालेले असते.