‘लक्ष देत नाही’ की ऐकूच येत नाही? छोट्यांच्या कानांची गोष्ट

इयरफोन कानात आहेत ना? मग आज कानांबद्दलच बोलू. तुमच्या नाही, घरातल्या छोट्यांच्या. तुम्ही आई-बाबा असा, नाहीतर मामा, काका, आत्या, मोठी ताई, हा भाग तुमच्यासाठीच आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी तो इथे लिहूनही देतेय.

लहान मुलांचेच कान एवढे का दुखतात?

कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक छोटी पोकळी असते. तिला म्हणतात मध्यकर्ण. एका बारीक नळीने ती नाकाच्या मागच्या भागाला जोडलेली असते. या नळीचं नाव युस्टेशियन ट्यूब. घाटात कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की ‘टक’ करून सुटतात, ती हिचीच करामत.

मोठ्या माणसांत ही नळी लांब आणि तिरकी असते. बाळांमध्ये ती आखूड आणि बरीचशी आडवी. त्यामुळे सर्दी झाली की ती पटकन सुजून बंद होते आणि नाकातले जंतू सहज कानापर्यंत पोचतात. सहा-सात वर्षांचं होईपर्यंत नळी वाढते आणि हा त्रास बहुतेक मुलांचा आपोआप कमी होतो.

ठणकणारा कान आणि गप्प बसणारा कान

पहिला प्रकार सगळ्यांना कळतो. ताप येतो, कान ठणकतो, मूल रात्री रडून घर डोक्यावर घेतं. बोलता न येणारं बाळ कान ओढतं, दूध प्यायला नकार देतं. आडवं झाल्यावर दुखणं वाढतं, म्हणून रात्र जड जाते. कधी पडद्याला भोक पडून पू बाहेर येतो. आपण म्हणतो, ‘कान फुटला.’ मग दुखणं थांबतं आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं. पण वाहणारा कान दाखवायलाच हवा. तो महिनोन्‌महिने वाहत राहिला तर ऐकणं कमी होतं.

दुसरा प्रकार जास्त फसवा. संसर्ग ओसरतो, पण पडद्यामागे चिकट पाणी साठून राहतं. ताप नाही, दुखणं नाही, तक्रारही नाही. फक्त आवाज दबून येतो, दोन्ही कानांत बोटं घालून ऐकल्यासारखा.

माझ्या भाच्याचं हेच झालं. बालवाडीतून रोज एकच निरोप यायचा, ‘लक्ष देत नाही.’ घरी टीव्हीचा आवाज वाढलेला, प्रत्येक वाक्याला ‘हं? काय?’ ताईने त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. टिम्पॅनोमेट्री नावाची तपासणी झाली. कानात एक छोटं बोंडूक लावून हवेचा हलका दाब देतात, मिनिटभरात काम होतं, दुखत नाही. दोन्ही कानांत पाणी होतं. पोरगा खोडकर नव्हता, त्याला अर्धंच ऐकू येत होतं.

या अर्ध्यामुळेच नुकसान होतं. मूल भाषा शिकतं ती ऐकून. ‘टेबलावर’ आणि ‘टेबलाखाली’ यांतला फरक शब्दाच्या शेवटात आहे, आणि आपण तोच हळू बोलतो. स, फ, ख असे हलके आवाज आधी निसटतात. हे बरेच महिने चाललं तर बोलणं उशिरा येतं, उच्चार अस्पष्ट राहतात.

ताट वाजवून कळत नाही

आपल्याकडे घरोघरची परीक्षा ठरलेली. मागून ताट वाजवायचं, बाळ वळलं की पास! पण ताटाचा आवाज बोलण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. साधारण बोलणं 60 डेसिबलच्या आसपास, कुजबुज 30 च्या. ताटाला वळणाऱ्या मुलालाही आजीची गोष्ट नीट ऐकू येत नसेल.

जन्मतः कमी ऐकू येणारी बाळंही सुरुवातीला ‘आ-ऊ’ करतात, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. त्यासाठी जन्मल्यावर ओएई नावाची तपासणी असते. बाळ झोपलेलं असताना होते, सुई नाही, काही नाही. ध्यानात ठेवा 1-3-6: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू.

काय करायचं, काय नाही

कानात तेल नको, गरम तर मुळीच नको. काडी, पिन, इयरबडही नको. जुने ड्रॉप्स स्वतःच्या मनाने घालू नका, पडद्याला भोक असेल तर काही औषधं आतल्या कानाला घातक ठरतात. बाळाला आडवं झोपवून बाटली देऊ नका. चुलीचा आणि सिगारेटचा धूर दूर ठेवा. न्यूमोकोकल लस सरकारी केंद्रात मोफत मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना.

अँटिबायोटिक द्यायचं की दोन-तीन दिवस वाट पाहायची, हे वय आणि लक्षणं बघून डॉक्टर ठरवतात. पण सहा महिन्यांच्या आतलं बाळ, जास्त ताप, कानामागे सूज, यांपैकी काहीही असेल तर थांबू नका.

साठलेलं पाणी बहुतेक वेळा तीन महिन्यांत आपोआप जातं. भाच्याचंही गेलं. तोवर बाईंनी त्याला पहिल्या बाकावर बसवलं आणि घरी सगळे समोर बसून बोलायला लागले. पाणी हटलंच नाही आणि ऐकणं कमीच राहिलं, तर पडद्यात ग्रोमेट नावाची इवलीशी नळी बसवतात. ती काही महिन्यांनी आपोआप गळून पडते.

खर्चाची काळजी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येतं, तिथे सांगा. पुढची तपासणी मोफत होते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था खास याच कामासाठी आहे.

आता एक काम. वर्षाचं झालं तरी एकही शब्द नाही, दोन वर्षांचं झालं तरी ‘दूध दे’सारखे दोन शब्द जोडत नाही, असं मूल ओळखीत असेल तर ‘त्याचे बाबाही उशिरा बोलले होते’ म्हणून सोडू नका. कान तपासून घ्या. आणि कुणी म्हणालं ‘हा ऐकतच नाही’, तर ओरडण्याआधी एकदा विचारा, त्याला ऐकू येतंय का?

भेटू पुढच्या भागात. तोवर इयरफोनचा आवाज जरा कमी ठेवा!