पडून राहिलेली करवत

आमच्या घरात सुतारकी पिढीजात. महाविद्यालयाची पायरी मात्र मीच प्रथम चढलो. वडिलांच्या पश्चात सहा वर्षे झाकून ठेवलेली टेबलाची गोल करवत यंदा काकांच्या मदतीने मी चालू केली. वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी करवत असेल, त्यांना ही माहिती उपयोगी पडावी.

आधी प्लग काढून ठेवावा. टेबलावरचा गंज बारीक काचकागदाने काढून वर मेण घासावे. तेलाचे डाग लाकडाला लागतात. भेगाळलेला पट्टा बदलावा. पाते हाताने फिरवून बेअरिंग खरखरते का ते पाहावे.

पण गंजापेक्षा वाकडेपणा घातक. पात्याच्या एका दातावर खूण करावी. तो दात पुढे असताना टेबलावरील खाचेपासूनचे अंतर मोजावे. मग तोच दात मागे नेऊन पुन्हा मोजावे. फरक कागदाच्या जाडीहून, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटरहून, अधिक नसावा. लाकूड टेकवण्याची पट्टीही खाचेला समांतर हवी. ती मागच्या बाजूने पात्याकडे झुकली, तर लाकूड आवळले जाते आणि मागून वर येणारे दात ते उचलून आपल्याच अंगावर फेकतात. अशा वेळी हातही पात्यावर जाऊ शकतो. काकांची तर्जनी अशीच गेली.

शेवटी पाते टेबलाशी काटकोनात आहे का, हे गुण्या लावून पाहावे. मगच प्लग लावावा, आणि पहिला काप टाकाऊ फळीवर, हाताऐवजी काठीने ढकलून घ्यावा.