डायनॅमो गेला, अल्टरनेटर आला

1962 च्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये लुकास कंपनीचा डायनॅमो, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारे जुन्या धाटणीचे वीजजनित्र असे. इंजिन मंद फिरताना तो जेमतेमच वीज देई आणि दिवे-वायपर चालू असले की भार बॅटरीवर पडून व्होल्टेज उतरे. ठिणगी पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलमधील ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने, व्होल्टेजबरोबर प्रवाह दहा टक्के घटला तरी ती सुमारे एकोणीस टक्के घटते. 1967 पासून डायनॅमोच्या जागी आलेला अल्टरनेटर मंद गतीतही चार्जिंग करतो. मात्र व्होल्टेज आधीच चौदाच्या आसपास स्थिर असेल, तर आणखी मोठा अल्टरनेटर बसवून ठिणगी वाढत नाही, हे हौशी मंडळींच्या सहसा पचनी पडत नाही. 1967 पूर्वीच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. ही जोडणी न बदलता नेहमीचा अल्टरनेटर जोडल्यास त्यातील डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे घटक, जळून जातात.