टर्बोची शिट्टी किती बारची?

वीकेंडला मालवणहून कुडाळ, सावंतवाडी करत तुम्ही आंबोलीला निघालात. गाडीचं इंजिन छोटं, पण टर्बो. घाटात पाय दाबला की क्षणभर विचार करते आणि मग सुसाट सुटते. मागच्या सीटवरून सल्ला येतोच, 'बूस्ट थोडा वाढवून घे ना, रॉकेट होईल!' थांबा. आधी हा बूस्ट म्हणजे काय ते बघू.

किनाऱ्यावर हवेचा दाब साधारण १ बार, म्हणजे १४.७ पीएसआय. साधं इंजिन तेवढ्यावरच भागवतं. टर्बोमध्ये सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा, सोबत जास्त इंधन, जास्त ताकद. बाहेरच्या दाबावर पडलेली ही भर म्हणजे बूस्ट. गेजवर ०.८ दिसलं, तर इंजिनाला मिळतात १.८ बार.

आता घाट चढा. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब ०.९३ बारच्या आसपास. तेच १.८ बार गाठायला टर्बोला ०.८७ ची भर घालावी लागते, म्हणजे जास्त वेगानं फिरावं लागतं. उंचीवरची ही उणीव टर्बो भरून काढतो, हे अमेरिकेत १९१८ मध्येच दिसलं होतं. सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं इंजिन पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच डोंगरावर नेऊन टर्बोसह चालवून दाखवलं.

घरातला कुकर आठवा

कुकरची शिट्टी ठरावीक दाबाला उचलते. टर्बोमध्ये हे काम वेस्टगेट करतो. फरक एवढाच, की तो भरलेली हवा सोडत नाही, तर धुराला चक्राच्या बाजूनं वाट देतो. त्याच्या ॲक्चुएटरमधली स्प्रिंग किमान बूस्ट ठरवते. त्यावरचा बूस्ट आजच्या बहुतेक गाड्यांत ईसीयू सांभाळतो. हातानं फिरवायचा स्वस्तातला बूस्ट कंट्रोलर ॲक्चुएटरला चक्क खोटं सांगतो, 'दाब अजून कमी आहे.' म्हणजे शिट्टीवर बोट दाबून धरल्यासारखंच!

मग बिघडतं काय? हवा दाबली की तापते. ३० अंशांची हवा १.८ पट दाबली, तर शंभर अंशांच्या वर जाते. इंटरकूलर ती थंड करतो, पण मे महिन्यातल्या दुपारी त्याचीही दमछाक होते. हवा फार गरम आणि दाब जास्त, की ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. हेच नॉकिंग. ते चालू राहिलं तर पिस्टनला भोकही पडू शकतं. मग रॉकेट टोइंगवरून घरी येतं.

सेट करायचंच असेल तर...

• आधी गळती शोधा. मालवणीत सांगायचं तर, हवा खंय गळता ता बघ, मगे बूस्टाचा बोल! सैल क्लिप किंवा चिरलेला पाइप हेच कमी बूस्टचं कारण असू शकतं.

• काम डायनोवर करून घ्या, घाटातल्या वळणावर नाही. सुरुवात कमी बूस्टपासून आणि वाढ ०.१ बारच्या आतल्या टप्प्यांनी.

• प्रत्येक टप्प्याला हवा-इंधनाचं प्रमाण, आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि नॉकिंग तपासा. नॉकिंग दिसलं की मागे फिरा. इंधन आणि ठिणगीची वेळ न जुळवता नुसता बूस्ट वाढवू नका.

• गाडी रस्त्यावरची असेल तर वॉरंटी जाऊ शकते. शिवाय कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

तेव्हा पुढच्या वेळी मागच्या सीटवरून सल्ला आला, तर एकच प्रश्न विचारा, 'वाढवू, पण इंजिन, इंधन आणि इंटरकूलर किती झेपवतील?' उत्तर येईपर्यंत आंबोली आलेली असेल. गाडी बाजूला लावा आणि चहा घ्या.