पात्राला काय ठाऊक?

नाटकात काम करणारा माणूस आणि त्याने घेतलेले सोंग ही दोन निराळी माणसे, हे आपल्या भागात कुणाला शिकवावे लागत नाही. आपल्या कागलच्या आनंद यादवांची ‘नटरंग’ कादंबरी याच दोघांच्या ओढाताणीवर उभी आहे. आज त्या दोघांतला एक बारीकसा फरक समजून घेऊ. तो आहे माहितीचा. सोंगाला काय ठाऊक, आणि सोंग घेणाऱ्याला काय ठाऊक? मोबाइलवर आणि संगणकावर मुले हल्ली जे भूमिकेचे खेळ खेळतात, त्यांतही हाच प्रश्न येतो. फक्त उलट्या बाजूने.

आधी ओळखीचे पाहू. घाट उतरून सिंधुदुर्गात गेलात की दशावतार भेटतो. त्यात संवाद लिहून दिलेले नसतात. आख्यान कोणते आणि प्रवेश कसे लागायचे एवढे आधी ठरते; बोलणे नट तिथल्या तिथे रचतात. आता असं समजा, कीचकवधाचे आख्यान लागले आहे. सैरंध्री म्हणजे द्रौपदी आणि बल्लव म्हणजे भीम, हे कीचकाचे काम करणाऱ्या नटाला लहानपणापासून ठाऊक. समोर बसलेल्यांनाही ठाऊक. ठाऊक नाही ते एकट्या कीचकाला! बोलण्याच्या भरात नटाच्या तोंडून ‘द्रौपदी’ असा शब्द निसटला, तर सारा खेळ बिघडलाच म्हणायचा. इथे नटाला पात्रापेक्षा जास्त ठाऊक असते. ते जास्तीचे बाजूला ठेवून बोलायचे, हे त्याचे कसब.

आता व्हिडिओ गेमकडे वळू. खेळणारा एका पात्राचे रूप घेतो, त्या जगात हिंडतो, भेटेल त्याच्याशी बोलतो. बहुतेक खेळांत पडद्यावर तीन-चार वाक्ये येतात, त्यांतले एक त्याने निवडायचे. पात्र त्या गावात तीस वर्षे राहिलेले. पाटील कोण, कुणाचे कुणाशी वाकडे, त्याला सगळे माहीत. खेळणारा मात्र पाच मिनिटांपूर्वी आलेला, त्याला वाटसुद्धा माहीत नाही. मग तो पात्राच्या तोंडून सख्ख्या भावालाच विचारणार, ‘या गावचा पाटील कोण हो?’ सांगा, हसू येणार नाही तर काय?

खेळ रचणाऱ्यांनी यावर तोडगे काढले. पहिला तोडगा म्हणजे पात्र परक्या मुलखातून आणायचे. २००२ सालच्या ‘मोरोविंड’मध्ये नायक कैदी म्हणून जहाजातून अनोळखी बेटावर उतरतो, त्याने कुणालाही काहीही विचारले तरी शोभते. दुसरा तोडगा, पात्राची स्मृतीच घालवायची. १९९९ सालच्या ‘प्लेनस्केप टॉर्मेंट’चा नायक शवागारात जागा होतो, त्याला स्वतःचे नावही आठवत नाही. २०१९ सालच्या ‘डिस्को एलिझियम’मधला पोलीस तपासनीसही असाच सारे विसरलेला, पण तिथे आणखी एक युक्ती आहे. त्याच्या अंगची कौशल्ये निरनिराळ्या आवाजांत त्याच्याशी बोलतात, आणि पात्राच्या डोक्यातले ज्ञान अशा वाटेने खेळणाऱ्यापर्यंत पोचते.

तोच खेळ दुसऱ्यांदा खेळायला घेतला, की मात्र अडचण पुन्हा पालटते. खुनी कोण हे खेळणाऱ्याला आता ठाऊक असते, पात्राला नसते. म्हणजे तो दशावतारातल्या नटाच्या जागी येऊन उभा राहिला. यासाठी खेळाच्या आत खुणांची जणू एक वही ठेवलेली असते. पात्राने अमुक चिठ्ठी वाचली, की वहीत खूण पडते. खूण असेल तरच ‘मी ती चिठ्ठी पाहिली आहे’ हे वाक्य पडद्यावर दिसते. नसेल तर खेळणाऱ्याला कितीही ठाऊक असो, पात्राला तसे बोलता येत नाही.

हा सारा खटाटोप नुसत्या करमणुकीपुरता आहे का? शकुंतलेची गोष्ट आठवा. महाभारतात ती मुलाला घेऊन दरबारात येते, तेव्हा दुष्यंताला सारे आठवत असते, तरी तो लोकापवादाच्या भयाने तिला नाकारतो. कालिदासाने नाटक रचताना त्यात दुर्वासाचा शाप आणि अंगठी घातली. आता राजाला खरोखरच आठवत नाही. ‘मी हिला ओळखत नाही’ या अर्थाचे बोलणे दोन्हीकडे आहे. एकीकडे ते असत्य ठरते, दुसरीकडे प्रामाणिक. माणसाचा दोष ठरवायचा, तर त्या घटकेला त्याला काय ठाऊक होते हे आधी पाहावे लागते.

ही समज माणसाला जन्मतः नसते. १९८३ साली विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. मागाहून आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर मॅक्सी कुठे शोधील? तीन-चार वर्षांच्या मुलांनी दुसरे कपाट दाखवले. त्यांना स्वतःला ठाऊक होते ते मॅक्सीलाही ठाऊक असणार, असे ती धरून चालली. सहा वर्षांपुढच्या बहुतेकांनी बरोबर पहिले कपाट दाखवले. पण आपण मोठी माणसेसुद्धा भांडणाच्या वेळी त्या लहानग्यांसारखेच वागतो. ‘तुला कळायला नको होतं का?’ असे रागाने विचारतो, आणि त्याला ते कळण्याची वाट तरी होती का, हे बघत नाही.

म्हणून गुरुजींना आणि बाईंना एक सुचवावेसे वाटते. दुष्यंताच्या दरबाराचा प्रवेश वर्गात मुलांकडून करून घ्या. संवाद लिहून देऊ नका, त्यांचे त्यांना बोलू द्या. मध्येच थांबवून विचारा, ‘आत्ता राजाला काय ठाऊक आहे? शकुंतलेला शापाची गोष्ट ठाऊक आहे का?’ मग तोच प्रवेश महाभारतातल्या कथेप्रमाणे पुन्हा करायला लावा. शब्द तेच राहिले तरी राजाचा चेहरा आणि आवाज कसा बदलतो, ते मुलांनाच सांगू द्या. आणि घरी पोरगा मोबाइलवर असला खेळ घेऊन बसला असेल, तर रागावण्याआधी शेजारी बसून एवढेच विचारा, ‘तुझ्या गड्याला हे कळलं कसं रे?’ उत्तर देताना त्याला दुसऱ्याच्या जागी उभे राहून विचार करावा लागेल.