जुन्या कॅरॅव्हॅनमधील विद्युत्-दोष आणि त्यांचा शोध

मोटारीच्या सांगाड्यावर निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय करून सिद्ध केलेल्या वाहनास सामान्यतः कॅरॅव्हॅन असे म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारल्यापासून हा शब्द अधिक कानांवर पडू लागला असला, तरी वस्तू तितकी नवी नाही. चित्रीकरणाच्या जागी कलावंतांसाठी उभी असणारी व्हॅनिटी व्हॅन ही त्याच जातीची होय. आणि जुन्या प्रवासी टेम्पोची वा बसची आसने काढून हौसेने रचलेली फिरती घरे तर कित्येक आढळतात. अशा वाहनाचे वय वाढू लागले म्हणजे मालकाला अधिक छळतात त्या एंजिनापेक्षा तारा. एंजिनाची नाडी ओळखणाऱ्या कारागिरांची कोल्हापुरात, विशेषतः उद्यमनगरात, वाण नाही. विद्युत्-दोषाच्या बाबतीत मात्र निदानाऐवजी अदलाबदल करून पाहण्याची रीत पडलेली दिसते : प्रथम दिवा बदलावा, मग बटण, मग बॅटरी, आणि अखेरीस फ्यूज मोठा घालावा. यांपैकी शेवटचा उपाय निरुपयोगी तर आहेच, शिवाय तो प्राणघातकही ठरू शकतो. त्याचे कारण पुढे येईल.

अशा वाहनात तारांच्या बहुधा तीन पिढ्या एकत्र नांदत असतात. पहिली, कारखान्यातून आलेली, सांगाड्याच्या दिव्यांची व एंजिनाची. दुसरी, घर बसविताना कोणी सुताराने व वायरमनने मिळून घातलेली. पंखे, पाण्याचा पंप, शीतकपाट यांची. तिसरी म्हणजे पुढच्या प्रत्येक मालकाने आपल्या सोयीने वाढविलेली. या तिसरीचा नकाशा कोणाजवळही नसतो आणि रंगांचा नियमही तिने पाळलेला नसतो. शोधाचा आरंभ म्हणूनच पकडीने नव्हे, कागद-पेन्सिलीने करावा. एकेक फ्यूज काढून कोणते उपकरण बंद पडते ते नोंदवीत गेल्यास एका सकाळी होणारा हा नकाशा पुढचे कित्येक दिवस वाचवितो.

कसबा बावड्यासारख्या ठिकाणी या प्रश्नाला एक स्थानिक धार आहे. पंचगंगेची पातळी जेथे मोजली जाते तो राजाराम बंधारा येथेच आहे. ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी कोल्हापूरकरांना तोंडपाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये व २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५० फुटांच्याही वर गेले. अशा पुरात उभे राहिलेले वाहन बाहेरून धुऊन पुसून स्वच्छ दिसते; परंतु अनेक बारीक तंतूंच्या तारेत पाणी केशाकर्षणाने आवरणाच्या आतून वर चढते आणि उघड्या टोकापासून बऱ्याच अंतरापर्यंत तांबे काळे पडत जाते. त्यातच बॅटरी जोडलेली राहिली असेल तर विद्युत्-विच्छेदन सुरू होते व धन बाजूचे तांबे विरघळू लागते. जोडांवर दिसणारा हिरवट थर हा त्या क्रियेचा अवशेष. पूर नसतानाही पावसाळ्यातील दमट हवा हेच काम करते, फक्त सावकाश. उसाच्या फडांजवळ उभ्या केलेल्या वाहनात उंदरांनी कुरतडलेल्या तारांची त्यात भर पडते.

आता मुख्य मुद्दा. दोष शोधताना होणारी सर्वांत व्यापक चूक ही की, उपकरण बंद असताना वा त्याची तार सोडवून ठेवून मापकाने दाब पाहिला जातो, तो १२.६ व्होल्ट भरतो, आणि ‘करंट तर येथपर्यंत आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. या मापनातून तार अखंड आहे एवढेच सिद्ध होते. ती कामाची आहे हे सिद्ध होत नाही. अंकीय मापकाचा अंतर्गत रोध सामान्यतः १ कोटी ओहम असतो. मार्गात अर्धा ओहम रोधाचा गंजलेला जोड असला तरी मापकातून वाहणारा प्रवाह जेमतेम सव्वा मायक्रोअँपिअर असल्याने त्या जोडावर एका मायक्रोव्होल्टहूनही कमी दाब खर्ची पडतो. मापकाला दोष दिसत नाही, कारण दोष दिसावा एवढे ओझे त्याने टाकलेलेच नसते. त्याच मार्गावर ५ अँपिअर घेणारा पंप चालू केला की जोडावर अडीच व्होल्ट गळतात व पंपाच्या वाट्याला १० व्होल्टच उरतात. पंप कण्हतो. मालक नवा पंप आणतो, तोही कण्हतो.

मग त्या जोडाचा रोध सरळ ओहममापकाने का मोजू नये? कारण साध्या मापकाच्या दोन तारांचाच रोध ओहमच्या काही दशांशांइतका असतो. त्याने हजारांश ओहमांची गोष्ट करणे म्हणजे धान्याच्या काट्यावर सोने तोलणे होय. ही अडचण मोटारीपेक्षा जुनी आहे. अत्यल्प रोध मोजण्यासाठी विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्धी पावलेले शास्त्रज्ञ, यांनी एकोणिसाव्या शतकातच दुहेरी सेतूची योजना केली होती. प्रवाह एका जोडीने न्यावा आणि दाब दुसऱ्या जोडीने मोजावा, हे तिचे मर्म. वाहनात हीच योजना आयती सिद्ध असते : उपकरण स्वतः प्रवाह वाहून नेते आणि मापकाची दोन टोके केवळ दाब मोजतात. उपकरण चालू ठेवावे. मापकाचे एक टोक बॅटरीच्या धन खुंटीवर व दुसरे उपकरणाच्या धन टोकावर टेकवावे. जो आकडा येईल तो त्या बाजूवर वाया जाणारा दाब. नंतर हेच ऋण बाजूस करावे. ज्या बाजूचा आकडा मोठा, तिच्यावर टोक एकेक जोड पुढे सरकवीत जावे. आकड्याने जेथे एकदम उडी घेतली तेथे दोष आहे.

निरोगी तारेतही काही दाब खर्च होतोच. यास्तव किती खर्च क्षम्य हे आधी हिशेबाने ठरवावे लागते. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१७२ ओहम असतो. शीतकपाट ८ अँपिअर घेत असेल, बॅटरीपासून ७ मीटरवर असेल आणि तार अडीच चौरस मिलिमीटरची असेल, तर जाऊन येऊन १४ मीटरचा रोध ०.०९६ ओहम व दाबाचा क्षय पाऊण व्होल्टच्या आसपास येतो. येथे एकही जोड खराब नाही, तरीही १२ व्होल्टांपैकी सहा टक्के वाटेतच गेले. घरातील २३० व्होल्टच्या सवयीने तार निवडणाऱ्या वायरमनकडून ही चूक हटकून होते. हा दोष गंजाचा नव्हे, रचनेचा आहे, आणि जोड घासून तो जात नाही.

ऋण बाजूचा विचार स्वतंत्रपणे करण्याजोगा आहे. मोटारीत परतीची वाट सांगाड्यातूनच असते. कारागीर तिला ‘अर्थ’ म्हणतात, जरी पृथ्वीशी तिचा काही संबंध नसला तरी. कॅरॅव्हॅनचे घर मात्र प्लायवुडचे वा फायबरचे असते, आणि ज्या एका स्क्रूने परतीची तार सांगाड्याला बांधलेली असते त्याखाली रंग किंवा गंज असला की अनेक उपकरणे एकदम आजारी पडतात. ब्रेक दाबताच मागचा वळणदर्शक दिवा मंद लुकलुकतो, हे याचेच लक्षण. परतीची सरळ वाट बंद झाल्याने ब्रेकच्या दिव्याचा प्रवाह शेजारच्या दिव्यांच्या तंतूंतून उलट्या दिशेने वाट काढीत असतो. एंजिन व सांगाडा यांना जोडणारी जाड पट्टी खराब असेल तर प्रकार आणखी विलक्षण होतो. स्टार्टर २०० अँपिअर घेत असताना अवघ्या तीन सहस्रांश ओहमांवर ०.६ व्होल्ट गळतो. आणि पट्टी तुटलीच तर तो प्रचंड प्रवाह ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परत जाऊ पाहतो व केबल तापते. केबल का जळाली याचा उलगडा अनेकांना मग होत नाही.

येथे फ्यूजचा प्रश्न येतो. वर सांगितलेल्या अर्धा ओहमच्या जोडात ५ अँपिअर प्रवाहाने साडेबारा वॅट उष्णता निर्माण होते, म्हणजे जवळजवळ एका लहान सोल्डरिंग आयर्नइतकी, आणि तीही प्लायवुडच्या पाठीमागे. १० अँपिअरचा फ्यूज याची दखल घेत नाही. कारण प्रवाह वाढलेला नसतो, उलट थोडा घटलेलाच असतो. फ्यूज तारेचे अतिप्रवाहापासून रक्षण करतो, सैल जोडापासून नव्हे. आणि फ्यूज खरोखरच वारंवार उडत असेल तर तेथे आवरण कोठेतरी सांगाड्यावर घासले गेले आहे असे समजावे. अशा वेळी १० च्या जागी ३० चा फ्यूज घातल्यास दोष नाहीसा होत नाही. फक्त आता फ्यूजऐवजी तारच वितळते. ज्या वाहनात माणसे निजतात व ज्यात गॅसची टाकी असते, तेथे याचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको.

‘बॅटरी रात्रीत उतरते’ या तक्रारीचा शोध वेगळ्या रीतीने घ्यावा लागतो. सर्व बटणे बंद करून ऋण खुंटी व तिची तार यांच्यामध्ये अँपिअरमापक जोडावा. १५० मिलिअँपिअर गळती असेल तर दिवसाला ३.६ अँपिअर-तास जातात आणि १०० अँपिअर-तासांची बॅटरी दोन आठवड्यांत अर्धी होते. एकेक फ्यूज काढताना आकडा जेथे पडेल तो गुन्हेगार मार्ग. परंतु गळती नसूनही घराची बॅटरी कायम उपाशी राहते, असेही घडते. जुन्या वाहनांत एंजिनाच्या व घराच्या बॅटऱ्या वेगळ्या ठेवण्यासाठी डायोड बसविलेला असतो, आणि त्यावर सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतो. अल्टरनेटर १४ व्होल्ट देत असला तरी बॅटरीपर्यंत १३.३ पोहोचतात, त्यात ती भरत नाही. अशा ठिकाणी बॅटरीला दोष देऊन ती वर्षाआड बदलणे हे अज्ञानाचे भाडे भरण्यासारखे आहे.

मुक्कामी बाहेरून घेतल्या जाणाऱ्या २३० व्होल्टच्या बाजूस हात घालण्याचा अधिकार परवानाधारक वायरमनचाच. येथे एकच कूट सांगण्यासारखे आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी गीझरचे बटण बंद असतानाही पडतो, तेव्हा उपकरण निर्दोष मानले जाते. पण एकेरी बटण फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि ओलसर झालेल्या तापकातून न्यूट्रल शरीराला टेकत असेल तर इतर उपकरणांचा काही प्रवाह त्या वाटेने फुटून आरसीसीबी पडतो. गीझरची पिन बाहेर काढून पाहिल्याशिवाय हे उघडकीस येत नाही. नंतर ५०० व्होल्टच्या मेगरने आवरणाचा रोध पाहावा. तो १० लक्ष ओहमांहून कमी असता कामा नये. मेगर लावण्यापूर्वी चार्जर व इन्व्हर्टर सोडवून ठेवावेत, अन्यथा तपासणीतच ते निकामी होतात.

पुरातून निघालेल्या वाहनासाठी क्रम थोडा बदलतो. चावी फिरवून पाहण्याचा मोह टाळून प्रथम बॅटरीची ऋण खुंटी सोडवावी, मग धन. कारण धन खुंटीवरचा पाना सांगाड्याला टेकला तर ठिणगी उडते, ऋण आधी सोडविली असता ती उडत नाही. नंतर सर्व जोड गोड्या पाण्याने गाळ जाईपर्यंत धुवावेत, कित्येक दिवस वाळू द्यावेत, आणि काळे तांबे जेथे संपते तेथपर्यंत प्रत्येक तार कापून नवा जोड द्यावा. दोन-चार इंच कापूनही तांबे उजळले नाही, तर ती तार पूर्ण बदलावी.